किलोभर अंगडी-टोपडी

कुमुदताई ताम्हाण्यांना किळस यायला कारण लागत नसे. दुधाची पिशवी दारात आली की आधी नळाखाली जाई. भाजीवाल्याने परत दिलेली नाणी साबणाच्या पाण्यातून काढून पेपरवर वाळत पडत. बसमध्ये बसायच्या आधी सीटवर रुमाल, आणि घरी आल्यावर तो रुमाल चिमटीत धरून थेट बादलीत. पाहुणे गेले की सोफ्याची खोळ बदलायची हा नियमच होता. पण पाहुणे पूर्ण जिना उतरेपर्यंत थांबायचा धीर बाईंना नसे, त्यामुळे दिल्लीतल्या आर. के. पुरमच्या त्या सरकारी क्वार्टर्समध्ये ही गोष्ट सगळ्यांना ठाऊक होती. त्यांचे यजमान विनायकराव एका मंत्रालयात सेक्शन ऑफिसर. आलेल्या माणसाला ते हसत हसत सांगत, "बसा हो आरामात, खोळ तशीही धुवायलाच निघालीय." माणूस हसे, पण टेकून बसत नसे.

लोकांच्या वापरलेल्या कपड्यांचं तर नावच काढायला नको. वरच्या मजल्यावरच्या चंद्रप्रभा माथुर एका थंडीत सुंदर तपकिरी कोट घालून जिन्यात भेटल्या. कुमुदताईंनी मोकळ्या मनाने कौतुक केलं, अगदी बाहीवरून हातसुद्धा फिरवला. माथुरबाई खूश होऊन म्हणाल्या, "अरे, तौल के लाई हूँ! फरीदाबाद में एक गोदाम है, वहाँ सब किलो के भाव मिलता है. बाहर का माल है, विलायती." कुमुदताईंचा हात बाहीवरच थिजला. कुणाच्या तरी घामाचा, कुणाच्या तरी आजारपणाचा, कोण जाणे, कुणी मरताना अंगावर असलेलाही कोट असेल तो! घरी येऊन त्यांनी हात डेटॉलने धुतला, मग परत धुतला, आणि विनायकरावांना म्हणाल्या, "शी! कांदेबटाटे आहेत का ते, किलोवर घ्यायला?" त्यानंतर माथुरबाई येताना दिसल्या की त्या जिन्यात कठड्याच्या बाजूला सरकून उभ्या राहत.

अशा बाईला पुढे जे करावं लागलं, त्याची सुरुवात दोन वर्षांपूर्वी झाली होती.

त्यांची सून हेमलता तेव्हा पहिलटकरीण. सातव्या महिन्यात पुण्याहून विनायकरावांच्या थोरल्या बहिणीचा, सुनंदावन्संचा, फोन आला. "कुमुद, बाळाची पहिली अंगडी कुणाची तरी जुनी मागून आण हं. चांगलं धडधाकट पोर असेल अशा घरातून आण. बारशापर्यंत नवं घालायचं नाही, विसरू नकोस." कुमुदताईंनी हो-हो केलं आणि फोन ठेवल्याबरोबर नाक मुरडलं. दुसऱ्याच्या पोराने ओकलेलं, मुतलेलं कापड, आणि ते आपल्या बाळाच्या अंगाला? करोल बागेत जाऊन त्या स्वतः नवी मऊसूत मलमल घेऊन आल्या. झबली घरी शिवली, उकळत्या पाण्यातून काढली, उन्हात वाळवली, दोन्ही बाजूंनी इस्त्री केली. हेमलताने हौसेने एक टोपडं शिवलं, त्याच्या कडेला पिवळ्या रेशमाची नाजूक वेल काढली. सगळं घडी करून, गुलाबी फितीने बांधून, स्वच्छ पिशवीत घालून ठेवलं.

मुलगा झाला. पाचवी पुजायच्या आत, हॉस्पिटलमध्येच गेला. डॉक्टरांनी फुप्फुसाचं काहीतरी कारण सांगितलं. ते इंग्रजीत होतं आणि खरंही होतं. पण सुनंदावन्सं फोनवर एवढंच म्हणाल्या, "सगळं नवंच शिवलंस ना?" विनायकराव भडकले, काय ही अडाणी बडबड म्हणाले. कुमुदताईही तेच म्हणाल्या. पण तो प्रश्न त्यांच्या पोटात जाऊन बसला तो बसलाच. भांडी घासताना, कुकर लावताना, इस्त्री फिरवताना तो अचानक वर येई, आणि हातातलं काम तिथेच थांबे.

आता हेमलताला परत दिवस गेले होते. आठवा महिना लागायला आला होता. थंडी पडली होती. कुमुदताईंनी मनाशी ठरवलं, या वेळी जुनंच घालायचं. खरं-खोटं देव जाणे, पण आपल्याकडून आता काही राहायला नको. आपल्या नाकापायी हे पोर जायला नको.

पण मागायचं कुणाकडे? ओळखी-पाळखीच्या एकेका घराकडे त्या मनातल्या मनात जाऊन आल्या आणि दारातूनच परत फिरल्या. माथुरबाईंचा नातू चांगला गुटगुटीत होता, त्याचीच अंगडी हवी होती. पण तोच नातू एकदा ताम्हाण्यांच्या पलंगावर बसला तेव्हा कुमुदताईंनी त्याच्या आईच्या देखत चादर बदलली होती. महिला मंडळातल्या कांताबाईंना जुळी नातवंडं होती. पण मंडळाच्या तिळगुळाला कुमुदताई स्वतःची वाटी-चमचा घेऊन जात, हे कांताबाईंना चांगलं लक्षात होतं. खुद्द वन्संकडून पार्सल मागवायचं म्हणजे तर मीच चुकले म्हणून लिहून देण्यासारखं. ज्या बाईने जन्मात कुणाचं काही घेतलं नाही आणि कुणाचं घेतलेलं घरात टिकू दिलं नाही, तिला कोण आनंदाने आपल्या पोराचं झबलं काढून देणार? आणि दिलंच तरी देताना तोंड वाकडं करून दिलं, तर त्या कापडाचा उपयोग तरी काय!

तेव्हा माथुरबाईंचं ते गोदाम आठवलं. तिथे तोंड दाखवायला नको, मिंधं व्हायला नको. हा मार्ग काढल्याबद्दल कुमुदताईंनी स्वतःचं कौतुकही करून घेतलं. इतकी शहाणी बाई असा वेडेपणा करायला निघाली होती.

घरी 'मंडळाची मीटिंग आहे' अशी थाप मारून त्या निघाल्या. पर्समध्ये डेटॉलची बाटली, नाकाला बांधायला धुतलेला पंचा, आणि केस रंगवायच्या पाकिटात येतात ते पातळ प्लॅस्टिकचे हातमोजे. ब्लू लाइन बसने बदरपूर बॉर्डर, पुढे आठ-दहा माणसं कोंबणाऱ्या फटफटी रिक्षात मांड्यांना मांड्या लावून फरीदाबाद. एका बंद पडलेल्या कारखान्याची ती शेड होती. नावाची पाटी नव्हती, पण बायकांची रीघ लागलेली होती, त्यामुळे विचारावं लागलं नाही.

आत पाऊल टाकलं आणि वास आला. कुबट ओलीचा, डांबरगोळ्यांचा, जुन्या घामाचा, उंदरांचा, आणि या सगळ्यांच्या खाली काहीतरी गोडसर कुजकट. कुमुदताईंनी पंचा नाकावर आवळला. समोर छताच्या पत्र्यापर्यंत ढीग. इकडे कोटांचा, तिकडे स्वेटरांचा, साड्यांचा, चादरींचा, एका कोपऱ्यात नुसत्या चोळ्या-बनियनांचा. विलायती मालाच्या जोडीला घराघरांतून गोळा केलेला देशी मालही होता. त्या ढिगांवर बायका चढून बसल्या होत्या, गुडघ्याने रेटत होत्या, कपडा ओढून काढत होत्या, उजेडात धरून बघत होत्या, फेकत होत्या. एक बाई चक्क साडीवरून पँट चढवून माप बघत होती. दुसरी एक बाई एका जाड स्वेटरच्या काखेला नाक लावून वास घेत होती आणि "ठीक है" म्हणून तो बाजूला ठेवत होती. कुमुदताईंना ओकारी आली ती त्यांनी गिळली.

"छाँट लो बहनजी, छाँट लो!" लोखंडी काट्याशेजारी स्टुलावर बसलेला तोलणारा ओरडत होता. त्याच्या पायाशी एक कुत्रं एका शालीवर झोपलं होतं. ती शालही विकाऊच असणार, कारण मधूनच कुणी ती ओढून बघे आणि कुत्रं अंग हलवून परत झोपे.

लहान मुलांचा ढीग अगदी मागे होता. हातमोजे चढवून कुमुदताई पुढे झाल्या, आणि दोन कपडे ओढायच्या आत एक मोजा कुठल्यातरी पिनेला लागून फाटला. दुसऱ्याच्या आत घाम साचून तो बोटांना चिकटला. शेवटी वैतागून त्यांनी दोन्ही मोजे काढले आणि उघड्या हातांनी त्या ढिगात शिरल्या. कपडे गार होते, दमट होते. एका पायजम्यात काहीतरी वाळून कडक झालेलं बोटांना लागलं. एका बाळशालीच्या घडीतून झुरळ निघून मनगटावरून पळालं. एक कपडा उचलला तर त्याच्या खालचे दोन चिकटून वर आले. कुमुदताई हात झटकत होत्या, परत घालत होत्या, आणि मनात देवाऐवजी डेटॉलचं नाव घेत होत्या.

आणि मग हाताला काहीतरी मऊ, स्वच्छ लागलं.

ढिगाच्या कडेला एक जोड पडला होता. तीन बंदांचं झबलं, लंगोट, टोपडं, घडी करून निळ्या फितीने बांधलेलं. डाग नाही, चुरगळ नाही. हाताने शिवलेलं, बारीक, सावकाश घातलेले टाके. कुमुदताईंचा जीव भांड्यात पडला. एवढ्या नरकात आपल्याला पाहिजे तेच, आणि तेही स्वच्छ! त्यांनी पंचा खाली करून वाससुद्धा घेतला. पेटीतल्या कपड्याला येतो तसा साधा, बंद वास होता. त्यांनी तो जोड छातीशी धरला.

मग त्यांच्या लक्षात आलं. घरी बाळ असताना असं झबलं कुठे राहतं? बंद ओढून ओढून लोंबतात, गळ्याशी दूध सांडून पिवळं होतं, मागे तेलाचा चट्टा पडतो. हे तर कुणी अंगात घातलंच नव्हतं. कुणीतरी महिनोन्महिने बसून शिवलं, धुतलं, घडी घातली, फीत बांधली. आणि ती फीत सोडायची वेळच आली नाही.

हे त्यांना कळलं, कारण त्यांनीही तसंच केलं होतं. मुलगा गेल्यावर हेमलता हॉस्पिटलमधून घरी यायच्या आत त्यांनी ती पिशवी काढली. सुनेच्या नजरेला पडायला नको, घरात तो अपशकुन नको. खाली गल्लीत 'बरतन ले लो' म्हणत बोहारीण चालली होती, तिला त्यांनी वर बोलावलं. बोहारणीने मलमल बोटांत चोळून बघितली, "एकदम नया है बहनजी," म्हणाली, आणि जुन्या कपड्यांवर कधी देत नाही असा झाकणाचा मोठा डबा काढून दिला. हेमलताला त्यांनी सांगितलं, कपडे अनाथाश्रमात दिले. ती बिचारी "बरं केलंत" म्हणाली होती.

कुमुदताईंनी तो जोड विंचू असल्यासारखा टाकून दिला. मग त्या ढिगाकडे त्यांनी नव्याने बघितलं, आणि त्यांच्या अंगावर काटा आला. यातलं जे जे स्वच्छ, कोरं, नीट घडीचं, ते ते कुणाच्या घरातून अशा घाईने बाहेर पडलं असेल? आणि आपण तेच शोधत होतो! म्हणजे हवं ते याच्या उलट. हवेत ते डाग.

आणि ताम्हाण्यांच्या घरची ती बाई, जी नाणी धूत असे, ती ढिगात गुडघे टेकून घाण शोधू लागली. गळ्याशी दुधाने पिवळं पडलेलं झबलं मिळालं, ते त्यांनी बाजूला ठेवलं. पाठीवर मालिशच्या तेलाचा मोठा चट्टा असलेला एक सदरा मिळाला. काजळाची बोटं पुसलेलं टोपडं. रांगून रांगून गुडघ्यांना भोकं पडलेला लेंगा. हे पोर तर नक्कीच उभं राहिलं असणार, चाललं असणार. एका दुपट्यावर आंब्याच्या रसाचा ओघळ होता. म्हणजे उन्हाळा बघितला! कुमुदताईंनी ते नाकाशी नेलं आणि दीर्घ श्वास घेतला. आंबूस, ओकलेल्या दुधाचा, जुन्या मुताचा वास आला. त्यांना भडभडून आलं, डोळ्यांत पाणी आलं, किळस अंगभर पसरली. तरी हेच बरोबर, हेच पाहिजे म्हणून त्यांनी ते दुपटं मांडीवर घेतलं. मघाशी काखेचा वास घेणाऱ्या त्या बाईला आपण किती नावं ठेवली!

"हाय राम, कितना सुंदर!"

त्यांनी मान वळवली. शेजारी एक तरुण मुलगी उकिडवी बसली होती. आसपासच्या कुठल्यातरी कारखान्यात काम करणाऱ्याची बायको असावी. पोट चांगलंच पुढे आलं होतं, हातात लाखेच्या बांगड्या, पायात नवऱ्याचे मोठे बूट. कुमुदताईंनी टाकलेला तो निळ्या फितीचा जोड तिने उचलला होता आणि आपल्या पोटावर ठेवून बघत होती. चेहरा नुसता फुलला होता.

सांगायचं तरी काय? हे मेलेल्या बाळाचं आहे? पोटुशीसमोर असलं अभद्र बोलायचं? कुमुदताईंनी आपल्या मांडीवरचं दुपटं आणि झबलं तिच्यापुढे धरलं. "ये लो ना. वो रहने दो. ये अच्छे हैं, ये ले जाओ."

मुलीने ते डाग बघितले, आणि तिचा चेहरा उतरला. "ये? छी! ये तो गू-मूत वाला है."

"नहीं, नहीं, यही अच्छा होता है—"

"साफ-साफ अपने लिए और गंदा हमरे लिए? भिखमंगा समझी हो का?" तिचा आवाज चढला. आजूबाजूच्या बायका थांबून बघू लागल्या. "पइसा दे के लेंगे हम भी. मुफत में नहीं माँग रहे."

कुमुदताईंना उभं आयुष्य कुणी असं बोललं नव्हतं. पण त्या मुलीने निळी फीत सोडायला बोट घातलं, तेव्हा त्यांचा हात आपसूक पुढे गेला आणि त्यांनी तो जोड तिच्या हातातून हिसकावला. "ये मेरा है," त्या ओरडल्या. "मैंने पहले निकाला था! पूछो किसी को भी!"

"छोड़ो!"

"नहीं छोड़ूँगी!"

दोघी ओढत होत्या. एका सरकारी अधिकाऱ्याची पत्नी, गळ्यात पंचा अडकलेली, चिंध्यांच्या ढिगात गुडघ्यांवर बसून एका गरोदर पोरीशी लंगोटासाठी झोंबत होती. कुणीतरी फिदीफिदी हसलं. तोलणारा स्टुलावरूनच ओरडला, "अरे फाड़ोगी क्या? फटा तो दोनों से पैसे लूँगा!" शेवटी मुलीनेच सोडलं. तिच्या डोळ्यांत पाणी होतं. ती पोट सावरत उठली आणि म्हणाली, "मेमसाब हो के बच्चा का कपड़ा छीनती हो. हमरे बच्चा की हाय लगेगी तुमको. देख लेना."

शेजारच्या बायकांनी कुमुदताईंकडे ज्या नजरेने बघितलं, ती नजर त्यांना चांगली ओळखीची होती. फक्त आजवर ती त्यांच्याकडून दुसऱ्यांकडे जात असे. एकीने तर आपली पिशवी त्यांच्यापासून लांब सरकवून घेतली. खरं बोलल्या असत्या तर त्या पोरीला शापापेक्षा वाईट काहीतरी सांगावं लागलं असतं.

काट्यावर बाळाच्या कपड्यांचं वजनच भरेना. दुपटी, झबली, लेंगा, टोपडं, तो जोड, सगळं घातलं तरी काटा जरासा हलला आणि थांबला. "किलो से कम नहीं तुलता, बहनजी," तोलणारा म्हणाला आणि शेजारच्या ढिगातून हाताला येईल ते ओढून पारड्यात टाकू लागला. कुणाचा तरी मोठ्या पुरुषाचा पायजमा, तोही नाडीसकट. कुमुदताईंनी डोळे मिटून घेतले आणि सगळं पिशवीत भरलं. शेडबाहेर पडताच तो पायजमा त्यांनी दाराशी टाकून दिला. पुरतं वळायच्या आत एक म्हातारी तो उचलून घेऊन गेली.

ते बघितल्यावर त्यांना आणखी एक कोडं पडलं. निळ्या फितीचा तो जोड त्यांनी वाटेत कुठेतरी टाकून द्यायचं ठरवलं होतं, पण टाकायचा कुठे? बसच्या सीटवर ठेवला तर कुणीतरी खूश होऊन घरी नेणार. कचऱ्यात टाकला तर कचरा वेचणाऱ्या बायका काढणार, झटकणार, आणि तो परत त्याच ढिगात येऊन पडणार. पुन्हा कुठलीतरी पोटुशी त्याला 'कितना सुंदर' म्हणणार. या शहरात टाकलेलं काही टाकलेलं राहतच नाही, याची कुमुदताईंना तेव्हा भयंकर चीड आली. शेवटी जोड वेगळ्या पिशवीत घालून त्या घरी घेऊन आल्या आणि मागच्या बाल्कनीत बादलीच्या आड ठेवला. रात्री विनायकरावांना काहीतरी सांगून जाळून टाकू, असं मनाशी म्हणाल्या.

मग नळाखाली हात धुतले, दंडापर्यंत. वास जाईना. डागांचे कपडे बादलीत घातले, आणि डेटॉलची बाटली उघडून नुसत्याच उभ्या राहिल्या. उकळावं, खसाखसा घासावं, असं हात म्हणत होते. पण डाग गेले तर मग आपण आणलं काय? शेवटी साध्या कोमट पाण्यातून काढून त्यांनी ते दोरीवर घातले.

हेमलता दुपारची झोप काढून उठली आणि चहाला म्हणून मागे आली. दोरीवरचं बघून दारातच थबकली. "शी! आई, हे काय? कसले घाणेरडे कपडे आहेत हे?"

"आपल्याकडे बाळाला पहिलं जुनं घालतात," कुमुदताई पाठमोऱ्याच म्हणाल्या. "मागून आणले. मंडळातल्या बायकांकडून."

मग त्यांनी वळून बघितलं. हेमलताचे डोळे भरले होते. "तुम्ही मागितलेत? तुम्ही?" ती म्हणाली. "माझी आईसुद्धा फोनवर म्हणाली होती, सासूबाईंना सांग म्हणून. मला धीर झाला नाही. म्हटलं, तुम्ही जुनं कापड उंबऱ्याच्या आत येऊ देणार नाही." ती पुढे आली आणि आंब्याचा डाग असलेल्या दुपट्यावरून तिने हात फिरवला. "कुणाचं हे? बच्चू खादाड दिसतोय."

कुमुदताईंना त्या क्षणी तिला जवळ घ्यावंसं वाटलं. पण हाताला अजून तो वास होता. त्या चिमटे शोधायच्या निमित्ताने वाकल्या. हेमलताही मदतीला म्हणून बादली सरकवायला गेली, आणि मागची पिशवी तिच्या पायाशी कलंडली.

"अय्या, आणि हे? हे तर किती सुंदर आहे!" तिने तो जोड काढून गालाला लावला. "आणि अगदी स्वच्छ आहे. आई, प्लीज, पहिलं हेच घालूया. हेही जुनंच ना? मग चालेल की."

"नको. ते खाली ठेव."

"का पण?"

"ठेव म्हणते ना! ते... ते ज्या बाळाचं, ते बाळ नाहीये." त्यांच्या तोंडून निघून गेलं. मग लपवण्यात अर्थ उरला नाही. गोदाम, काटा, ती मुलगी, सगळं त्यांनी भराभर सांगून टाकलं. "डाग पडलेले आहेत ते जगलेल्या पोरांचे. हे कोरं राहिलंय. कुणी वापरलंच नाही."

हेमलता जोड हातात घेऊन ऐकत होती. तिने तो झटकला नाही, टाकलाही नाही. टोपड्याचे टाके ती बोटाने चाचपत होती. मग ती म्हणाली, "वापरलं नाही म्हणजे बाळ नाही, हे तुम्हाला कसं कळलं?"

कुमुदताई दोरीवरचा चिमटा काढून परत लावू लागल्या.

"आपले अनाथाश्रमात दिले होते ना, आई?"

खोटं बोलायची त्यांची फार इच्छा झाली. पण नुकतंच एक खोटं उघडं पडलं होतं, आणि सुनेची नजर हलत नव्हती. "बोहारणीला दिले," त्या म्हणाल्या.

"माझं टोपडंसुद्धा?"

"हो."

"म्हणजे तेही असंच कुठेतरी ढिगात पडलं असेल. लोकांनी तुडवलं असेल." हेमलताचा आवाज चढला नाही. उलट तो इतका खाली गेला की नीट ऐकू येईना. "मी रोज देवाला सांगते, त्या आश्रमातलं पोर सुखी ठेव. माझं टोपडं घातलेलं."

सुटलेली निळी फीत तिने पुन्हा बांधली, सावकाश, कडा जुळवून. "हे आता कुठे जाणार नाही. माझ्या कपाटात राहील. जिने कुणी शिवलं असेल तिने असं कुणाला विकायला नव्हतं दिलं."

"अगं, घरात कसं ठेवायचं ते? बरं, ठेव. पण निदान एकदा धुऊन तरी देते. त्या गोदामात उंदीर, झुरळं, काय काय..." कुमुदताईंनी हात पुढे केला.

हेमलता मागे सरली. जोड तिने पदराखाली घेतला.

"तुम्ही याला हात लावू नका, आई."

ती आत गेली. कपाट उघडल्याचा आणि कुलूप लावल्याचा आवाज आला. कुमुदताई बाल्कनीत तशाच उभ्या होत्या, पुढे केलेला ओला हात मागे घ्यायचंही त्यांना सुचलं नाही, आणि त्या हाताची त्यांना जी शिसारी आली ती साबणाने जाणारी नव्हती.